कांदळवन सावरताना: रोपाआधी पाण्याची वाट पाहा

मुंबईत कांदळवन, म्हणजे खारफुटीचे जंगल, वाढवायचे म्हटले की पहिला विचार रोपांचा होतो, आणि तिथेच बहुतेक चुकते. समुद्राची पातळी वाढत असताना आणि पाऊस कमी वेळात जास्त कोसळत असताना (२६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पडला) वन टिकते ते तिथे भरती-ओहोटी मोकळेपणाने होत असेल तरच.

काम सुरू करण्यापूर्वी वनखात्याच्या कांदळवन कक्षाची लेखी परवानगी घ्यावी. हा कक्ष २०१२ मध्ये स्थापन झाला. त्यानंतर निदान एक उधाण (अमावास्या-पौर्णिमेची मोठी भरती) आणि एक भांग (अष्टमीच्या सुमाराची लहान भरती) पाहावी. खुणा केलेली काठी रोवून पाणी कुठवर चढते आणि कधी उतरते, हे नोंदवावे, आणि शेजारच्या निरोगी कांदळवनातही तशीच काठी रोवून दोन्हीकडची उंची ताडून पाहावी. या कामी जवळच्या कोळीवाड्यातील जाणत्यांना सोबत घ्यावे. कोणती मोरी (बांधाखालची किंवा रस्त्याखालची पाण्याची वाट) कधी बुजली, हे त्यांना नकाशापेक्षा नेमके ठाऊक असते.

तिवर या खारफुटीच्या झाडाची श्वसनमुळे, म्हणजे हवा घेणारी मुळे, चिखलातून वर आलेली असतात. राडारोड्याने किंवा बांधाने पाणी अडून ती सतत बुडाली, तर झाड गुदमरते; उलट भरती पोहोचणेच बंद झाले, तर जमिनीत मीठ साचते. म्हणून बुजलेली मोरी मोकळी करणे, भराव काढणे आणि गरज असेल तिथे उथळ चर खणणे, हे खरे काम आहे. एवढे झाल्यावर एक-दोन पावसाळे थांबावे. तिवराचे बी पावसाळ्यात गळते आणि भरतीबरोबर वाहत येऊन आपोआप रुजते. पाच जूनला, पर्यावरण दिनी, छायाचित्रांसाठी लावलेली रोपे ऑक्टोबरात मोजायला सहसा कोणी जात नाही, म्हणून हा धीर मी आग्रहाने सुचवतो.

बी येऊनही रुजत नसेल, तर आधी जमिनीची पातळी तपासावी. येतच नसेल, तर मात्र लागवड करावी, पण सगळीकडे तिवर नको. पाण्याच्या बाजूला पांढरी चिप्पी, खाडीच्या काठाला कांदळ, वरच्या कोरड्या कडेला हुरा, असे शेजारच्या वनात जे जिथे दिसते ते तिथेच लावावे. उघड्या चिखलपट्टीवर काहीही लावू नये. ठाणे खाडीत रोहित पक्षी तिथेच चरतात.

पावसाळा सरताना सुरवंट तिवराची पाने फस्त करतात आणि झाडे मेल्यासारखी दिसतात. औषध फवारू नये, कारण ती बहुधा पुन्हा पालवतात.

सर्वांत दुर्लक्षित भाग जमिनीकडच्या कडेचा आहे. पाणी चढेल तसे कांदळवन मागे सरकते, आणि मागे भिंत असेल तर त्याला सरकायला जागा उरत नाही. उच्च न्यायालयाने २००५ मध्ये कांदळवनाभोवतीच्या ५० मीटर पट्ट्यात बांधकामाला मनाई केली होती; आराखडा करताना तो पट्टा आधी आखावा, आणि त्यात भराव टाकताना दिसला तर त्याच दिवशी लेखी तक्रार करावी.