टपालाने येणारी पिल्लं: वेळ मोजायची कुठून?

कोंबडीचं पिल्लू अंड्यातून बाहेर पडण्याआधी उरलेला बलक पोटात ओढून घेतं. साधारण ४० ग्रॅमच्या पिल्लाकडे ही ५ ते ७ ग्रॅमची शिदोरी असते आणि तिच्याच भरवशावर पिल्लं खोक्यात घालून टपालाने पाठवता येतात. ‘तीन दिवस काही लागत नाही’ असं जे सर्रास सांगितलं जातं ते मात्र अर्धंच खरं. बलक भूक भागवतो, तहान पुरती भागवत नाही. श्वासावाटे ओलावा जातच राहतो आणि खोका जितका गरम तितका जास्त जातो.

त्यात ‘एक दिवसाचं पिल्लू’ हा शब्द फसवा आहे. एका ट्रेमधली अंडी एकदम फुटत नाहीत. पहिल्या आणि शेवटच्या पिल्लात २४ ते ३६ तासांचं अंतर पडू शकतं. हॅचरीवाले, म्हणजे अंडी यंत्रात उबवून पिल्लं विकणारे, मात्र बहुतेक पिल्लं वाळली की सगळी एकाच वेळी बाहेर काढतात. अमेरिकी टपाल खात्याचा नियम असा, की पाठवताना पिल्लू २४ तासांहून मोठं नसावं आणि अंड्यातून निघाल्यापासून ७२ तासांत पोचावं. म्हणजे मोजणी टपालाच्या शिक्क्यापासून नाही, कवच फुटल्यापासून. खोका रस्त्यात ४८ तास राहिला, तर आधी निघालेल्या पिल्लांचे ७२ तास तेव्हाच भरत आलेले असतात. ‘उद्या येईलच’ म्हणून आणखी एक दिवस थांबणं परवडत नाही ते यासाठी.

मागणी देतानाच हॅचरीला विचारा: पिल्लं कधी काढणार आणि टपालात कधी पडणार? पाठवणी आठवड्याच्या सुरुवातीला मागा, नाहीतर खोका सुट्टीत अडकतो. खोक्यावर तुमचा फोन नंबर ठळक असू द्या आणि टपाल कार्यालयाला आधीच सांगा, की खोका घरी पाठवू नका, आम्ही येऊन नेतो. वितरणाच्या गाडीतले ते चार-पाच तास वाचवण्यासारखे असतात. कडक उन्हाळा आणि कडाक्याची थंडी टाळा.

संख्येचाही विचार करा. पिल्लं एकमेकांना ऊब देतात. शंभरच्या खोक्यात २५-२५चे चार कप्पे असतात ते त्यासाठीच. थोडीच पिल्लं मागवली तर हॅचरी ऊब देणारं पाकीट घालते. या पाकिटाला हवा लागते. ते नीट झाकलं नसेल तर वरची पिल्लं भाजतात, दबलं तर थंड पडतं. काही ठिकाणी उबेसाठी जास्तीचे नर भरतात. ते नको असतील तर आधीच सांगा, आल्यावर त्यांची सोय कोण करणार?

ब्रूडर, म्हणजे पिल्लांना दिव्याने ऊब देणारी जागा, आदल्या दिवशीच पेटवा. हवा तासाभरात तापते, खालचा भुसा नाही, आणि पिल्लाचे पाय भुशावरच असतात. तापमान पिल्लाच्या पाठीच्या उंचीवर मोजा: ३२ ते ३५ अंश सेल्सियस. २५ पिल्लांना सव्वा चौरस मीटर जागा धरा. पहिले दोन-तीन दिवस भुशावर खडबडीत कागद किंवा कापड टाका. गुळगुळीत वर्तमानपत्रावर पाय फाकतात आणि तसेच राहू शकतात.

खोका टपाल कार्यालयातच उघडून मोजा, मेलेली असतील तर फोटो काढा. घरी आल्यावर आधी पाणी, मग दाणा. पाणी कोमट हवं. गार पाण्याने थकलेलं पिल्लू आणखी गारठतं. लिटरला तीन मोठे चमचे साखर घाला, पण ती पहिल्या पाण्यापुरतीच. प्रत्येक पिल्लाची चोच टोकाशी बुडवा. नाकपुड्या पाण्याबाहेर राहिल्या पाहिजेत. पिल्लू मान वर करून घोट गिळतं. तो घोट दिसला की उबेखाली सोडा आणि पुढचं घ्या. कंटाळवाणं काम आहे, पण कळपावर सोडून देऊ नका. पाणी कुठे आहे हे न कळलेलं पिल्लू भरल्या भांड्याशेजारीही मरतं. भांडं उथळ ठेवा, त्यात खडे टाका. तासाभराने स्टार्टर, म्हणजे लहान पिल्लांचं बारीक खाद्य, कागदावर पसरा.

आता थर्मामीटरपेक्षा पिल्लांकडे बघा. दिव्याखाली गोळा होऊन चिवचिवाट चालला असेल तर थंडी आहे. कडेला पळून चोच उघडी, पंख सुटे असतील तर उष्णता. पाय गालाला लावून बघा. गार लागले तर ऊब वाढवा.

आठ-दहा तासांनी मानेखालची अन्नपिशवी चिमटीत चाचपा. भिजल्या पिठासारखी मऊ लागली तर खाणंपिणं दोन्ही झालं. कडक असेल तर पाणी कमी पडलंय, नुसती लिबलिबीत असेल तर दाणा सापडलेला नाही, रिकामी असेल तर चोच पुन्हा बुडवा. त्याच वेळी शेपटीखाली बघा. प्रवासाच्या ताणाने विष्ठा चिकटून गुदद्वार बंद होतं आणि पिल्लू दगावतं. कोमट पाण्याचा बोळा धरून ती मऊ करा. सुकी ओढली तर कातडी निघते. पोटाच्या बाजूची खपली बेंबीची असते, तिला हात लावू नका. पिल्लं हाताळल्यावर साबणाने हात धुवा, त्यांच्याकडून साल्मोनेला हा पोट बिघडवणारा जंतू येऊ शकतो.

मेलेली पिल्लं टाकण्याआधी ती खोक्यात कशी पडली होती ते लिहून ठेवा. एका कोपऱ्यात चेपलेली असतील तर बहुधा थंडी, पंख पसरून चोच उघडी असेल तर बहुधा उष्णता. सोबत टपालाच्या शिक्क्याची वेळ जोडून हॅचरीला त्याच दिवशी कळवा.