सीएमएस बदलताय? आधी जुन्या पत्त्यांची यादी करा

सीएमएस म्हणजे वेबसाइटचा मजकूर सांभाळणारी सिस्टिम. वर्डप्रेसवरून ड्रुपलवर जा किंवा जूमलावरून वर्डप्रेसवर, मजकूर बहुतेक वेळा नीट पोहोचतो. खरा घोटाळा होतो तो पानांच्या यूआरएलचा, म्हणजे वेबपत्त्यांचा. कालपर्यंत '/सेवा/दुरुस्ती' असलेलं पान नव्या सिस्टिममध्ये '/आमच्या-सेवा/दुरुस्ती' होतं आणि गूगलवरून येणाऱ्या ग्राहकाला थेट '४०४' म्हणजे 'पान सापडलं नाही' दिसतो.

म्हणून जुनी साइट चालू असतानाच सगळ्या यूआरएल एका स्प्रेडशीटमध्ये उतरवा. साइटमॅप (साइटच्या पानांची तयार यादी) पुरेसा नाही. गूगलचं सर्च कन्सोल आणि सर्व्हरचे लॉगही (कोणता पत्ता उघडला गेला याच्या नोंदी) बघा, कारण मेनूतून कधीच काढलेल्या पानांवरही लोक येत असतात. पीडीएफ आणि फोटो हमखास विसरले जातात. दरपत्रकाची पीडीएफ किती ग्राहकांच्या ईमेलमध्ये पडून असेल, विचार करा!

शेजारच्या रकान्यात प्रत्येकाचा नवा पत्ता लिहा आणि ३०१ रीडायरेक्ट लावा, म्हणजे जुना पत्ता उघडणारा आपोआप नव्या पत्त्यावर कायमचा वळतो. ३०२ नको, तो तात्पुरत्या बदलासाठी असतो. सगळी जुनी पानं सरसकट होमपेजवर वळवणं तर अजिबात नको: ग्राहकाला हवं ते सापडत नाही आणि गूगलही अशा पानांना बऱ्याचदा '४०४'च समजतं. जोडीचं पान नसेल तर स्वच्छ '४०४' परवडला.

रीडायरेक्ट किमान १ वर्ष ठेवा, जमल्यास कायमचे. आणि चाचणीच्या साइटवर लावलेला 'नोइंडेक्स' (सर्चमध्ये पान दाखवू नका अशी खूण) साइट लाइव्ह करताना काढायला विसरू नका.