क्रोमचा नळ खरा दिसायला हवा? मग आधी अंधाराची सोय करा

ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये क्रोम कसं करायचं असं कुणालाही विचारा, उत्तर ठरलेलं: मेटॅलिक (धातूपणा) एक, रफनेस (खरखरीतपणा) शून्य, एखादं एचडीआरआय (सभोवतालचा उजेड देणारा ३६० अंशांचा फोटो) टाका, झालं. असं केलेला नळ राखाडी प्लास्टिकचा दिसतो. मग लोक लाइट वाढवत बसतात आणि तो आणखी फिकट पडतो.

मटेरियलचं काम दोन मिनिटांचं आहे. प्रिन्सिपल्ड बीएसडीएफ (ब्लेंडरचं नेहमीचं मटेरियल), मेटॅलिक १, रफनेस ०.०२ ते ०.०५. बेस कलर पांढराशुभ्र ठेवू नका. क्रोमियम त्यावर पडलेल्या प्रकाशापैकी साधारण ५५ टक्केच परत फेकतं, म्हणून तिन्ही रंगांत ०.५५ च्या आसपास आकडा द्या, निळ्यात किंचित जास्त. ०.९७ च्या आसपासचा आकडा चांदीचा. रेंडर, म्हणजे अंतिम चित्र, सायकल्स या इंजिनमध्येच करा. ईव्ही या दुसऱ्या, वेगवान इंजिनचं स्क्रीन ट्रेसिंग फ्रेमबाहेरच्या वस्तू नीट पकडत नाही आणि क्रोमचा सगळा खेळ फ्रेमबाहेरच चालतो.

मॉडेलच्या कडांना बेव्हल (किंचित गोलाई) हवाच. सॉलिड व्ह्यूमध्ये पट्ट्यापट्ट्यांचा मॅटकॅप (तपासणीसाठीचं तयार खोटं प्रतिबिंब) लावून नळ फिरवून बघा. पट्टी जिथे मुरडते तिथे मेश, म्हणजे मॉडेलचा जाळीदार पृष्ठभाग, बिघडलेला आहे. तो आत्ताच दुरुस्त करा, पुढे कुठलाही लाइट तो लपवणार नाही.

आता खरी मेख. घरातल्या बेसिनचा नळ जवळून बघा. खिडकीची एक लांबट पांढरी पट्टी, तिला अगदी खेटून जवळजवळ काळी रेघ, मग टाइल्सचा करडा भाग आणि कडेला पुन्हा काळं. डोळ्याला ‘धातू’ वाटतो तो त्या पांढऱ्या-काळ्याच्या शेजारामुळे. क्रोमची अक्षरं रंगवणारे जुने पेंटर वर निळं आकाश, खाली तपकिरी जमीन आणि मध्ये गडद क्षितिजरेषा काढायचे, तेही याचसाठी. तुमच्या सीनमध्ये चारी बाजूंनी उजेडच असेल तर नळाला काळं मिळणार कुठून?

म्हणून आधी कॅमेरा पक्का करून लॉक करा. प्रतिबिंब कॅमेऱ्याच्या जागेवर ठरतं. नंतर तो जरा हलवलात तरी पुढची सगळी मांडणी पुन्हा करावी लागेल. क्लायंटने अँगल मंजूर केल्याशिवाय मी तर लाइटला हातच लावत नाही. मग वर्ल्ड (सीनभोवतालचा उजेड) जवळजवळ बंद करा. एचडीआरआय असेलच तर स्ट्रेंग्थ ०.२ आणि तेही खोलीतलं, मोकळ्या आभाळाचं नको. रिझोल्यूशन निदान ४के. १के उजेडापुरतं ठीक, क्रोममध्ये ते धुरकट दिसतं.

आता नळाच्या एका बाजूला उभं, लांबट प्लेन (सपाट पृष्ठभाग) ठेवून त्याला एमिशन द्या, म्हणजे ते स्वतः उजेड देईल. सपाट पांढरा एरिया लाइट नको. त्याचा चौकोन नळावर स्टिकरसारखा चिकटतो. एमिशनला ग्रेडियंट टेक्स्चर आणि कलर रॅम्प (उजेडाचा चढउतार ठरवणारे नोड) जोडा, म्हणजे पट्टीची एक कड धारदार राहील आणि दुसरी विरत जाईल. त्या धारदार कडेला लागून काळं डिफ्यूज (न चकाकणारं) मटेरियल लावलेलं दुसरं प्लेन उभं करा. प्रॉडक्ट फोटोग्राफर स्टुडिओत काळे पुठ्ठे लावतात, तेच हे. व्ह्यूपोर्ट रेंडर मोडमध्ये ठेवून काळं प्लेन इंच-इंच सरकवा. रेघ नळाच्या बाह्यरेषेवर येऊन बसली की एका क्षणात आकार उठून दिसतो. प्लेन फ्रेममध्ये घुसत असेल तर ऑब्जेक्टच्या रे व्हिजिबिलिटीत कॅमेऱ्याची खूण काढा, प्रतिबिंब तसंच राहतं.

इथे घाई नको. माझा निम्मा वेळ या एका पुठ्ठ्यात जातो आणि तो जायलाच हवा. नळ फिका वाटला तर नवा लाइट लावण्याआधी आणखी एक काळं प्लेन लावून बघा.

बाकी किरकोळ. मूठ आणि तोटी एकमेकांत दिसत असतील तर ग्लॉसी बाउन्स (प्रकाश चकचकीत पृष्ठभागावरून किती वेळा उसळेल तो आकडा) ४ वरून ८ करा. रफनेसला अगदी बारीक नॉइज द्या, ०.०३ ते ०.०६ च्या मध्ये. बोटांचे ठसे आणि ओरखड्यांचे तयार टेक्स्चर नव्या नळाला लावू नका, तो भंगारातला दिसतो. एजीएक्समध्ये (ब्लेंडरच्या रंग दाखवण्याच्या पद्धतीत) चित्र मिळमिळीत वाटलं तर लुक ‘मीडियम हाय कॉन्ट्रास्ट’ करा. डीनॉइज (चित्रातले दाणे पुसणं) शेवटी, आणि तेही पुरेसे सॅम्पल दिल्यावर; नाहीतर मेहनतीने बसवलेली ती काळी रेघच तो पुसट करून ठेवतो.