रियाज डिजिटलवर, मैफल ग्रँडवर

पियानोच्या परीक्षेची आठवी ग्रेड झाली की पुढचा टप्पा म्हणजे पहिली जाहीर मैफल, नाहीतर स्पर्धेसाठी पाठवायचा व्हिडिओ. छत्रपती संभाजीनगर, लातूर, नांदेडकडे बऱ्याच मुलांचा रियाज डिजिटल पियानोवर होतो आणि वाजवायची वेळ येते मुंबई-पुण्यातल्या ग्रँडवर, म्हणजे आडव्या तारांच्या मोठ्या पियानोवर. गाडी अडते ती इथेच.

घरचा डिजिटल 88 पट्ट्यांचा, हॅमर ॲक्शनचा, म्हणजे खऱ्या पियानोसारख्या जड पट्ट्यांचा हवा. पेडल नुसतं चालू-बंद होणारं नको. अर्धं दाबलेलंही ओळखणारं घ्या, नाहीतर अर्ध-पेडल कधी हातात, म्हणजे पायात, बसत नाही. आवाजाची कळ एका जागी ठेवून तिथे खूण करा. आवाज वाढवून मोठा केलेला फोर्टे (जोरकस स्वर) ग्रँडवर निघत नाही.

घरात खराखुरा अपराइट (उभा पियानो) असेल तर त्याला कूलरपासून लांब ठेवा. मे महिन्यात दिवसभर कूलरची ओल आणि तो बंद झाला की कोरडी झळ, अशा चढउतारात साउंडबोर्ड (तारांचा आवाज मोठा करणारी लाकडी फळी) फुगतो-आकसतो आणि ट्यूनिंग उतरतं. आर्द्रता 45 ते 60 टक्क्यांत स्थिर राहिली पाहिजे; खोलीत एक आर्द्रतामापक टांगा.

कार्यक्रम 40 मिनिटांचा पुरे. बाखचं सी मायनर प्रील्यूड-फ्यूग, मोत्सार्टचा के. 332 सोनाटा (के. म्हणजे त्याच्या रचनांच्या यादीतला क्रमांक), शोपाँचं एक नॉक्टर्न आणि एक बॅलड, एवढ्यात ताकद आणि नजाकत दोन्ही दिसतात.

पाठांतर सहसा सोनाट्यात दगा देतं. के. 332 च्या पहिल्या भागात दुसरी सुरावट एक्स्पोझिशनमध्ये (सुरावटी पहिल्यांदा येतात तिथे) सी मेजरमध्ये येते, रिकॅपिट्युलेशनमध्ये (त्या पुन्हा येतात तिथे) एफ मेजरमध्ये. रस्ता जिथे फुटतो तिथे सवयीची बोटं जुन्याच वाटेने जातात आणि वाजवणारा सी मेजरमध्ये अडकतो. म्हणून दोन्ही फाटे लागोपाठ, आधी नुसत्या डाव्या हाताने वाजवा. प्रत्येक भागात आठ-दहा खुणा ठरवा. कुठलीही सांगितली तरी तिथून सुरुवात करता आली पाहिजे.

हॉलमध्ये 45 मिनिटं मिळाली तर पूर्ण कार्यक्रम वाजवत बसू नका. पहिली दहा मिनिटं फक्त हळू कॉर्ड्स (एकाच वेळी वाजवलेले अनेक स्वर): पट्टी साधारण 10 मिलिमीटर खाली जाते, त्यात स्वर नेमका कुठे उमटतो ते बोटांना कळू द्या. ग्रँडचं डावं पेडल सगळा कीबोर्ड किंचित उजवीकडे सरकवतं, त्यामुळे आवाजाचा पोतच बदलतो. नॉक्टर्नमध्ये ते किती दाबायचं हे तिथेच ठरवा. मग सर्वात जोरकस पान वाजवा आणि कुणाला तरी शेवटच्या रांगेत बसवा. रिकाम्या हॉलमध्ये घुमणारं पेडल लोक बसल्यावर कोरडं वाटतं, हे लक्षात असू द्या.

स्पर्धेचा व्हिडिओ साधारणपणे विनाकाट मागतात. कॅमेरा उजवीकडून, चेहरा आणि दोन्ही हात दिसतील असा. मोबाइलचा माइक आपोआप आवाज समतल करतो, मग पियानिस्सिमो (अगदी हळू) आणि फोर्टिस्सिमो (अगदी जोरात) सारखेच ऐकू येतात. वेगळा रेकॉर्डर दीड-दोन मीटरवर ठेवा आणि सर्वात मोठा आवाज त्याच्या मीटरवर -6 डेसिबलच्या वर जाऊ देऊ नका.

देवगिरी एक्स्प्रेसने रात्रभर प्रवास करून त्याच संध्याकाळी वाजवणं टाळा. हात आखडलेले असतात. एक दिवस आधी पोहोचा. थर्मासात गरम पाणी न्या. एसी हॉलच्या विंगेत थांबताना बोटं गार पडतात, तेव्हा रुमाल त्या पाण्यात भिजवून, पिळून पाच मिनिटं हातांना गुंडाळायचा आणि हात नीट कोरडे करूनच मंचावर जायचं.