पणजी ते दिवाडी सायकलने जायचंय? आधी वाऱ्याचं गणित बघा

पणजीत नवी सायकल घेतली की माणूस पहिल्या रविवारी मिरामारला जातो, दोन फेऱ्या मारतो, कंटाळतो आणि मग ती सायकल बाल्कनीत कपडे वाळत घालायच्या कामाला येते. तसं व्हायला नको असेल तर मांडवीच्या काठाने उलट्या दिशेला निघा. पाटो, रायबंदर, जुने गोवे, मग फेरीबोटीने मांडवीतलं दिवाडी बेट. जाऊन येऊन तीस-एक किलोमीटर होतात, गिअरची सायकल नसली तरी चालतं, एकच चढ आहे आणि तिथे सगळेच उतरून ढकलतात.

या राइडमध्ये स्पीडला काही किंमत नाही. वेळ तुम्ही ठरवत नाही, वारा आणि फेरीबोट ठरवते. सकाळी वारा जवळजवळ नसतो, पण ऊन चढलं की समुद्राकडून पश्चिमेचा वारा सुटतो, आणि परत येताना तुमचं तोंड नेमकं पश्चिमेला असतं. मी एकदा आरामात बाराला जुन्या गोव्याहून निघालो, आणि रायबंदर ते पाटो जो कॉजवे आहे, म्हणजे पाणथळीत भराव घालून केलेला रस्ता, त्याच्यावर असा वारा की पॅडल मारतोय पण पाटो काही जवळ येईना, शेवटी एक आजोबा साध्या काळ्या सायकलवरून मला मागे टाकून गेले. म्हणून सहाला निघायचं आणि काही झालं तरी दहाच्या आसपास पणजीच्या वाटेला लागायचं. दिवाडीच्या पुढे नदीपलीकडच्या नार्व्यापर्यंत जायचा विचार असेल तर याहून लवकर निघा.

पाटो सोडला की तो लांबच लांब कॉजवे लागतो. हा 1634 मध्ये पुरा झाला, लिन्यारिशचा काउंट असलेल्या पोर्तुगीज व्हाइसरॉयच्या काळात, लांबी तीन किलोमीटरच्या वर, आणि आज आपण त्याच्यावरून बस नेतोय. डावीकडे मांडवी, उजवीकडे मिठागरं आणि खारफुटी. ओहोटी असेल तर जरा थांबून चिखलात बघा, निवट्या दिसतील, मासा असून चिखलावर उड्या मारत चालतात, पोरांना घेऊन गेलात तर इथून पुढे सरकणं कठीण. सायकलसाठी वेगळा ट्रॅक वगैरे नाही हां, रस्ता अरुंद आहे आणि गाड्यांबरोबरच जायचंय. मोठी वाहतूक बरीचशी कदंब पठारावरच्या बायपासने जाते म्हणून सकाळी निभावतं. एक गोष्ट मात्र कोणी सांगत नाही, जाताना सूर्य बरोबर डोळ्यांवर येतो, आणि तुम्हाला दिसत नाही तसंच मागच्या ड्रायव्हरलाही दिसत नाही. मागचा लाल लाइट उजाडलं तरी चालूच ठेवा, डोक्याला पुढे झडप असलेली टोपी किंवा तसं हेल्मेट घ्या.

रायबंदरला पोदेर, म्हणजे पाववाला, भेटतो, कॅरिअरला मोठी टोपली, वर प्लास्टिक, रबरी हॉर्न पोंक-पोंक. दोन गरम पोय (कोंड्याचे गोल पाव) घ्या आणि एखाद्या टपरीवर पातळ भाजीबरोबर खा, पुढे दिवाडीत खायला काय उघडं असेल याची खात्री नसते. इथूनच चोडणची फेरीबोट सुटते, पलीकडे उतरल्या उतरल्या सलीम अली पक्षी अभयारण्य. पण पहिल्याच खेपेला दोन्ही बेटं करायला जाऊ नका, चोडण दुसऱ्या रविवारी ठेवा.

जुन्या गोव्यात चर्चेस बघत बसलात तर दिवस तिथेच जाईल, सरळ व्हाइसरॉयच्या कमानीखालून धक्क्यावर उतरा. नोव्हेंबरच्या शेवटी नोव्हेना (नऊ दिवसांच्या प्रार्थना) सुरू होतात ते 3 डिसेंबरच्या सेंट झेवियरच्या फेस्तापर्यंत इकडे फिरकू नका, सायकल सोडाच, पाय ठेवायला जागा नसते.

फेरीत चढताना सायकलवरून उतरा. हे दोनदा वाचा. ओहोटीला धक्क्याचा उतार जास्त खोल होतो, खालच्या भागावर हिरवं शेवाळ असतं आणि बोटीचा लोखंडी रॅम्प ओला. मी बसूनच उतरत होतो, मागून मासळीची पाटी घेतलेली एक बाई ओरडली, "पुता, सकयल देंव रे!" (पोरा, खाली उतर रे!) आणि तिचं वाक्य संपायच्या आत मी सायकलसकट आडवा. गुडघा फुटला, ब्रेकचा लिव्हर वाकला, आणि वर सगळ्या फेरीने बघितलं ते वेगळंच. आधी गाड्यांना चढू द्यायचं, मग हाताने धरून चालत जायचं. बोट चुकली तर चुकली, ती तिथेच ये-जा करत असते.

दिवाडीला उतरलात की दोन्ही बाजूंना खाजन, म्हणजे बांध घालून खाऱ्या पाण्यापासून राखलेली सखल शेतं, मधून सरळ रस्ता, ही खरी सायकल चालवायची जागा. पुढे पिएदाद गावाचा चढ, वर चर्चपाशी पोचून मागे बघा, मांडवी आणि जुन्या गोव्याची शिखरं एका नजरेत येतात. पायात दम असेल तर बेटाच्या दुसऱ्या टोकाला जाऊन तिथली फेरी घ्या आणि नार्व्याला सप्तकोटेश्वराचं दर्शन करून या. हा कदंब राजांचा देव मूळ दिवाडीचाच, पोर्तुगीजांनी देऊळ पाडल्यावर नदीपलीकडे गेला आणि 1668 मध्ये शिवाजी महाराजांनी त्याचं देऊळ नव्याने बांधून घेतलं. देव ज्या वाटेने गेला त्याच वाटेने फेरीतून आपण जातोय, हे मला दर वेळी भारी वाटतं.

बेटावर पंक्चरवाला शोधत बसण्यापेक्षा एक ट्यूब, पंप आणि दोन टायर लिव्हर जवळ ठेवा. पाणी दोन बाटल्या. पावसाळ्यात हिरवंगार दिसतं म्हणून मोह होतो, पण रस्त्याच्या कडा बुळबुळीत असतात, नव्या माणसाने नोव्हेंबर ते फेब्रुवारीच धरावं. घरी आल्यावर कितीही दमलात तरी सायकलवर गोडं पाणी मारा, पुसा, चेनला तेल द्या, खाऱ्या हवेत चार दिवसांत गंज येतो. आणि फेरीत सायकल कठड्याला टेकवताना पॅडल दुसऱ्याच्या गाडीकडे करू नका, एका नव्याकोऱ्या स्कूटरवरचा ओरखडा माझ्या नावावर आहे.