अंदमान स्वस्तात करायचंय? मग या चुका टाळा

सगळ्यात आधी हे ऐका. परतीच्या फ्लाइटच्या आदल्या रात्री हॅवलॉक किंवा नील बेटावर मुक्काम ठेवू नका. नकाच ठेवू. नाशिकमधून जो तो अंदमानचा प्लॅन मला दाखवायला आणतो आणि त्यात शेवटच्या दिवशी हेच असतं, "सकाळची बोट पकडू, दुपारचं विमान, रात्री मुंबई." कागदावर छान दिसतं हो.

सातपूरला कंपनीत असलेली आमच्या ओळखीची पोरं अशीच गेली होती. डिसेंबर, ऐन सीझन, मी म्हटलं शेवटची रात्र पोर्ट ब्लेअरला काढा (विमान तिथूनच सुटतं; आता त्याला श्री विजयपुरम म्हणतात, पण तिकडे अजून दोन्ही नावं चालतात), तर म्हणे "दादा, तिथे काय बघायचं, उगाच एका रूमचं भाडं जातं." बरं. नीलला असताना समुद्रात कमी दाबाचा पट्टा तयार झाला आणि बोटी बंद. सरकारी बंद, प्रायव्हेट बंद. जेट्टीवर बॅगा घेऊन उभे, आकाशात ऊन, समोर पाणी फारसं खवळलेलं पण दिसेना, त्यामुळे हे तिथल्या माणसाशी वाद घालत बसले. तो बिचारा एकच सांगत होता, हार्बरमधून परवानगी नाही. शेवटी मला फोन, "दादा, कुणी ओळखीचं आहे का?" अरे, समुद्राला कुणाची ओळख लावू?

विमान गेलं. आणि खरी गंमत पुढे. पैसे वाचवायला यांनी पोर्ट ब्लेअर–चेन्नई एक तिकीट आणि चेन्नई–मुंबई वेगळं तिकीट काढलेलं, दोन वेगळे पीएनआर. पहिलं हुकलं म्हणून दुसऱ्या कंपनीला काही देणंघेणं नाही, तेही बुडालं. ऐनवेळी काढलेली नवी तिकिटं अख्ख्या ट्रिपच्या खर्चाच्या वर गेली, वर नीलला दोन रात्री जास्तीच्या. एका रूमचं भाडं वाचवलं म्हणे!

माझी पद्धत साधी आहे. पोर्ट ब्लेअरला उतरलो की त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी सकाळी बेटांवर जायचं आणि शेवटचा पूर्ण दिवस पोर्ट ब्लेअरला ठेवायचा. सेल्युलर जेल, रॉस बेट, अबर्डीन बाजार, सगळं त्या दिवशी. बोट रद्द झाली तर जेल हुकेल, विमान नाही. तरी नाशिककरांनी जेल हुकवू नये असं मला वाटतं, नाशिक कटाच्या खटल्यानंतर आपल्या भगूरचे सावरकर १९११ मध्ये तिथेच नेले होते, आणि लोक लाइट अँड साउंड शोच्या आधी वीस मिनिटांत फोटो काढून बाहेर येतात. सात विंगांपैकी आता तीनच उरल्यात, त्या तरी नीट फिरा.

दुसरी माझी दुखरी नस म्हणजे उशिरा उठणारे. घड्याळ तिथलं आणि आपलं एकच, पण ते बेट नाशिकच्या इतकं पूर्वेला आहे की सूर्य तिकडे तासभर तरी आधी उगवतो आणि आधीच मावळतो. हिवाळ्यात पाचच्या सुमारास सूर्यास्त, साडेपाचला अंधार! आपण इथल्यासारखं नऊला उठून, पोहे, चहा, आंघोळ करून अकराला निघालो की दिवस संपलाच. मग चार वाजता हॅवलॉकच्या राधानगर बीचला पोचायचं, धावतपळत एक फोटो, आणि रात्री सात वाजता रूमवर बसून "इथे नाइटलाइफच नाही" म्हणून कुरकुर. पाचला उठा ना. सकाळचा बीच रिकामा असतो, ऊन सोसवतं, आणि रात्री लवकर झोपलं की खर्चही कमी होतो.

हॅवलॉकला जायला सरकारी बोट प्रायव्हेटच्या मानाने फारच स्वस्त, पण तिकिटं पटकन संपतात आणि वेळ जास्त लागतो. मी तरी तीच धरतो कारण डेकवर वारा खाता येतो, प्रायव्हेटच्या बंद एसी केबिनमध्ये ज्याला उलटी होते तो शेजारच्यालाही घेऊन जातो. गोळी निघायच्या अर्धा-पाऊण तास आधी घ्या, पोटात ढवळायला लागल्यावर घेऊन काय उपयोग. ओरिजिनल आयडी जवळ ठेवा.

चेन्नईहून जहाजाने स्वस्तात जाऊ म्हणणाऱ्यांनी आधी रजा मोजावी. जहाजालाच तीनएक दिवस लागतात, एका बाजूचे. आठवड्याच्या रजेत हे बसत नाही.

दिवाळीच्या सुट्टीत जाणाऱ्यांनो, आपला पाऊस गेला म्हणजे तिकडचा गेला असं नसतं. अंदमानला दोन्ही मान्सून भिजवतात, ऑक्टोबर-नोव्हेंबरला छत्री लागते.

नीलचा नॅचरल ब्रिज बघायला भरतीच्या वेळी गेलात तर खडकांपर्यंत पोचताच येत नाही. रूम देणाऱ्या काकांना आदल्या रात्री ओहोटीची वेळ विचारा, त्यांना पाठ असते. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास पाणी जास्त मागे जातं.

कॅश ठेवा. २०२० मध्ये समुद्राखालून केबल आली तेव्हापासून नेट बरं झालंय, तरी छोट्या बेटावर यूपीआय नेमकं जेवणाच्या बिलालाच गोल गोल फिरत बसतं.

बाराटांग बेटाकडे जाणाऱ्या रस्त्यावर जारवा आदिवासींचे फोटो काढायचे नाहीत, खाऊ द्यायचा नाही, तो गुन्हा आहे. किनाऱ्यावरचे शिंपले, कोरलचे तुकडे बॅगेत भरू नका, एअरपोर्टवर काढून घेतात. आणि मगरीचा बोर्ड असेल तिथे पाण्यात उतरू नका, तो बोर्ड सजावटीला लावलेला नसतो.

मुंबईची फ्लाइट पहाटेची असेल तर नाशिकहून रात्रीची गाडी लवकरची धरा. कसारा घाटात ट्रक बंद पडला की पुढचं सगळं प्लॅनिंग तिथेच अडकतं.