वायफाय लावताना या चुका टाळा

कोथरूडमधल्या एखाद्या सोसायटीत फोनवर वायफायची यादी उघडा, आडनावं आणि फ्लॅट नंबर ओळीने दिसतील. नाव दिसल्याने फारसं बिघडत नाही. बिघडतं ते पासवर्ड म्हणून स्वतःचा मोबाइल नंबर ठेवल्याने. डब्ल्यूपीए२ या वायफाय सुरक्षेच्या पद्धतीत फोन राउटरला जोडला जाताना दोघांत जी देवाणघेवाण होते, ती जिन्यात उभं राहूनही टिपता येते. मग घरी बसून एकेक पासवर्ड लावून बघायचा, राउटरला पत्ताही लागत नाही. आपले मोबाइल नंबर दहा आकडी आणि ६ ते ९ ने सुरू होणारे, म्हणजे जास्तीत जास्त ४०० कोटी. चांगल्या ग्राफिक्स कार्डाला हे काही तासांचं काम. आणि शेजाऱ्याला तर तेवढंही नको, नंबर सोसायटीच्या ग्रुपवर आहेच! पासवर्डला ६३ अक्षरांपर्यंत जागा असते, एकमेकांशी संबंध नसलेले चार-पाच शब्द सरळ जोडून टाका.

‘प्लॅन १०० एमबीपीएसचा घेतला, पण स्पीड मिळत नाही’ अशी तक्रार असेल तर आधी राउटरच्या सेटिंगमध्ये एन्क्रिप्शन, म्हणजे माहिती कुलूपबंद करायची पद्धत, बघा. तिथे ‘टीकेआयपी’ असेल तर वेग ५४ एमबीपीएसच्या वर जात नाही, कारण नव्या वायफायचे वेग टीकेआयपीवर चालतच नाहीत. ‘एईएस’ निवडा. डब्ल्यूईपी हे सगळ्यात जुनं वायफाय संरक्षण दिसलं तर तो राउटर भंगारात द्या, ते २००१ मध्येच फोडलं गेलंय.

डब्ल्यूपीएस, म्हणजे पासवर्ड न टाकता बटण किंवा पिनने जोडायची सोय, बंद करा. त्याचा पिन आठ आकडी असला तरी राउटर तो दोन तुकड्यांत तपासतो आणि शेवटचा आकडा नुसता पडताळणीचा असतो. त्यामुळे १० कोटी नव्हे, ११ हजार प्रयत्न पुरतात. हे २०११ मध्येच उघड झालं होतं.

नेटवर्कचं नाव लपवणं आणि मॅक फिल्टर (उपकरणाचा ओळख क्रमांक, म्हणजे मॅक पत्ता, बघून आत घेणं) यांवर वेळ घालवू नका. मॅक पत्ता हवेत उघडाच फिरतो. उलट हल्लीचे फोन प्रत्येक नेटवर्कला वेगळा मॅक दाखवतात, म्हणून फिल्टर लावल्यावर पहिला घरचाच माणूस अडकतो.

डब्ल्यूपीए२ ऐवजी त्याची पुढची आवृत्ती डब्ल्यूपीए३ केल्यावर जुना प्रिंटर किंवा स्मार्ट बल्ब जोडला जात नाही? म्हणून सगळं घर मागे नेऊ नका. गेस्ट नेटवर्क, म्हणजे त्याच राउटरवरचं पाहुण्यांसाठीचं वेगळं वायफाय, डब्ल्यूपीए२-एईएसवर ठेवा आणि ती उपकरणं तिकडे टाका. राउटरमध्ये तशी सोय नसेल तर डब्ल्यूपीए२/डब्ल्यूपीए३ मिश्र मोड चालेल.

सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकांचा प्रश्न वेगळा. भिंतीवर चिकटवलेला एकच पासवर्ड, पोरं दर महिन्याला बदलतात, पासवर्ड मात्र तोच. डब्ल्यूपीए२ मध्ये पासवर्ड माहीत असलेला माणूस जोडणीची देवाणघेवाण टिपून दुसऱ्याची वाहतूक उलगडू शकतो. वेबसाइटचं स्वतःचं एन्क्रिप्शन असतं म्हणून बरंचसं वाचतं, एवढंच. इथे डब्ल्यूपीए३ खरोखर कामाला येतं, नाहीतर एंटरप्राइझ मोड लावून प्रत्येकाला वेगळं लॉगिन द्यावं.

पण एंटरप्राइझमध्येही एक खाच आहे, हिंजवडीच्या ऑफिसांतही दिसणारी. जोडताना फोन सर्टिफिकेटबद्दल, म्हणजे नेटवर्क खरं असल्याच्या डिजिटल दाखल्याबद्दल, विचारतो आणि घाईत ‘व्हॅलिडेट करू नका’ निवडलं जातं. मग त्याच नावाचं खोटं नेटवर्क कुणी उभं केलं, तर फोन निमूटपणे त्यालाच लॉगिन द्यायला जातो. आयटीवाल्यांकडून सर्टिफिकेट आणि सर्व्हरचं नाव मागून घ्या, मगच जोडा.